वाडीतला एकच बार

ती घटना आठवली की आजही मला आधी राग येतो आणि मग हसू फुटतं. राग येतो तो एका भल्या माणसाच्या खोटेपणाचा, आणि हसू येतं ते त्याच्या पिस्तुलाचं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, समुद्रातून वाहून आलेली प्रेतं पाहिली. पण नातवंडं "आजोबा, एखादी केस सांगा ना" म्हणून मागे लागली की मी हीच सांगतो. यात कुणी मेलं नाही, आणि शेवटी सगळे आपापल्या घरी गेले. नावं मात्र कुणाचीच घेणार नाही. त्या पट्ट्यात सगळे एकमेकांचे सोयरे, नाव घेतलं की उद्या कुणीतरी दारात उभा राहायचा.

साठ सालानंतरची ती मधली वर्षं. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातला एक तालुका होता आणि मी तिथे फौजदार. तारापूरकडे अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. बोईसर स्टेशनावर रोज नवी माणसं उतरायची, चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू यायला लागली होती. आमच्या ठाण्याला जीप एकच, आणि ती सुरू करायला निम्मा वेळ शिपायांना ढकलावी लागायची. तरी दिवस बरे होते. ताजा तळलेला बोंबील आणि वाडीतले चिकू यावर माझं वजन चांगलंच वाढलं होतं, आणि त्यावरून बायको रोज बोलायची.

आता थोडं पिस्तुलाविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचं ध्यानात यायचं नाही. आम्हा लोकांना सवय रिव्हॉल्व्हरची. ते म्हणजे जुना बैल. हाकलला की चालतो, जास्त काही मागत नाही. पिस्तुलाचं तसं नसतं. त्याच्या मुठीत मॅगझिन बसतं आणि काडतुसं त्या मॅगझिनमध्ये. गोळी सुटली की वरचा भाग आपोआप मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाहेर टाकतो आणि पुढे येताना नवीन काडतूस नळीत ढकलतो. हे सगळं झटक्यात व्हायला हवं. कुठे घाण, कुठे चिकट तेल, कुठे नवेपणाचा खडबडीतपणा असला की ते मध्येच अडतं. म्हणून नवीन पिस्तूल आधी चालवून चालवून रुळवावं लागतं.

हे मला कळलं ते या केसच्या आदल्या वर्षी. ठाणे शहरातल्या जिल्हा मुख्यालयात थोडी नवी पिस्तुलं आली होती आणि ती भरवशाची आहेत की नाहीत हे पाहायला डीएसपी साहेबांनी आम्हा दोघातिघांना बोलावलं होतं. तिथले आर्मोरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारे, जमादार साताऱ्याकडचे, तोंडाने भलते फटकळ. मी नवं पिस्तूल हातात घेऊन जरा मिरवायला लागलो तसे म्हणाले, "साहेब, दुकानातनं आणलं आन् कमरेला लावलं, असं करू नगा. हे अजून तुमचं झाल्यालं न्हाई."

मग आठवडाभर आमची चांदमारी चालली. कारखान्यातून आलेलं जाड ग्रीस रॉकेलने धुवायचं, कोरडं पुसायचं, पातळ तेलाचा थेंब सोडायचा आणि गोळ्या झाडायच्या. कुठे अडतं ते बघायचं. साफ करायचं, पुन्हा झाडायचं. पहिल्या दिवशी माझं पिस्तूल इतकं अडलं की मी वैतागून ते मातीच्या बांधावर फेकणार होतो. आठवड्याअखेर ते लोण्यातून सुरी जावी तसं चालायला लागलं. चांदमारीवर ज्याने दगा दिला नाही, त्याच्यावरच जीव टाकावा, हे मी तेव्हापासून मानत आलो. आणखी एक गोष्ट त्या जमादारांनी आमच्या कानीकपाळी ओरडून सांगितली होती: मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं असं समजू नका, एक काडतूस त्याच्या पोटात राहिलेलं असू शकतं.

तर त्या वर्षीचा दसरा झाला. बंदोबस्त उरकून मी ठाण्यात जरा पाय लांब करून बसलो होतो, तेवढ्यात सरकारी दवाखान्यातून वर्दी आली. तारापूरकडच्या एका वाडीतला तरुण पायाला गोळी लागून दाखल झालाय. वाडीच्या मालकांना सगळा पट्टा 'भाऊ' म्हणायचा, मीही त्यांना भाऊच म्हणतो. जखमी झालेला त्यांचा पुतण्या. मुंबईला कॉलेजात होता, सणाला आला होता.

भाऊ माझ्या चांगल्या ओळखीचे. चिकूची मोठी वाडी, नारळ, सुपारी, घर माणसांनी भरलेलं. गेलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला त्यांनी परवाना काढून मुंबईहून बत्तीस बोअरचं परदेशी पिस्तूल आणलं होतं. आणलं त्या दिवसापासून भेटेल त्याला सांगायचे, "ह्या किनाऱ्यावर असं दुसरं नाही, फौजदारसाहेब!" मी एकदा विचारलं होतं की चालवून बघितलंत का. तर म्हणाले, "छे हो, नवीन कोरं आहे, उगाच कशाला खराब करायचं?"

दवाखान्यात भाऊ डोक्याला हात लावून बसले होते. पुतण्याच्या पोटरीतून गोळी आरपार गेली होती, हाड वाचलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळी वरून खाली गेलेली दिसतेय. पुतण्याची विजार मागितली तर ती धुऊन टाकलेली. "रक्ताचं कापड घरात ठेवत नाहीत आमच्याकडे," भाऊ म्हणाले. माझ्या जमादाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. जवळून बार झाला असता तर दारूचा काळा डाग त्या कापडावरच सापडला असता.

फिर्याद अशी होती. वाडीचा रखवालदार, डोंगराकडचा माणूस, बरीच वर्षं भाऊंकडे कामाला. दसऱ्याच्या दोन दिवस आधी कपाटातून पिस्तूल नाहीसं झालं. संशय त्याच्यावरच होता, पण सणासुदीला घरात पोलीस नकोत म्हणून भाऊंनी कळवलं नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या वाडीत फिरायला गेला, तेव्हा राखणीच्या माळ्यावर रखवालदार पिस्तूल घेऊन बसलेला दिसला. पुतण्याने हटकलं तसा त्याने वरून एकामागोमाग एक तीन गोळ्या झाडल्या, त्यातली एक लागली. मग तो पिस्तूल टाकून पळाला.

पळाला म्हणजे किती, तर वाडीच्या विहिरीपर्यंत. मी गेलो तेव्हा तो विहिरीच्या काठावर बसून विडी ओढत होता. तिशीचा काटक माणूस. मला पाहून उठून उभा राहिला आणि मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "मीच केला, साहेब."

"काय केलंस?"

"जा काय भाऊ सांगतात, ता."

पिस्तुलाचा पंचनामा केला, लाखेचं सील लावून मुद्देमालात जमा केलं, रखवालदाराला पालघरला आणून कोठडीत टाकलं. दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसमोर उभा केला. तिथेही त्याने नुसती मान डोलावली. पोलिसापुढचा कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरत नाहीत हे खरं, पण इथे मालक फिर्यादी, पुतण्या डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार, आणि आरोपी मान डोलावतोय. खुनाचा प्रयत्न आणि चोरी. त्याची कितीतरी वर्षं तुरुंगात जाणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. कळत नव्हतं फक्त त्या रखवालदाराला.

त्याची बायको बेटेगावच्या पलीकडच्या पाड्यावरून चालत आली आणि ठाण्याच्या आवारात आंब्याखाली बसून राहिली. रडत नव्हती, भांडत नव्हती. मी विचारलं, "बाई, काय पाहिजे?"

"भात उभा हाय, साहेब," ती म्हणाली. "आमचा तुकडा डोंगराच्या अंगाला, एकटीनं कसा कापू? ह्याला कवा सोडाल?"

मी आत येऊन शिपायावर उगाच ओरडलो की माठात पाणी का भरलं नाही. माझा स्वभावच तसा. वाईट वाटलं की मी कुणावर तरी ओरडतो.

केस अशी ताटात वाढून ठेवल्यासारखी आली की मला खाववत नाही. ज्याने खरंच गोळी घातलीय तो पळतो, नाहीतर कारणं सांगतो, नाहीतर शिव्या देतो. हा बाबा कोठडीत सुखाने झोपत होता, दिलेलं जेवत होता आणि शिपायाला विचारत होता की इथला कोनाडा कुणी लिंपलाय, पोपडे निघालेत. विचारपूस करायला बसलो की त्याचं एकच पालुपद: "मीच केला, साहेब." पिस्तूल का चोरलंस? "मीच केला." पुतण्याशी काय वैर? "नाय, चांगला पोर हाय तो." मग गोळी का घातलीस? यावर तो विचारात पडायचा आणि म्हणायचा, "भाऊंना विचारा."

अशात नवापूरची एक कोळीण ठाण्यात आली. भाऊंच्या वाडीवर रोज मासे घालायची. पाटी पायरीवर ठेवली आणि माझ्या जमादारालाच फैलावर घेतलं, "कवाची बाहेर उभी हाय मी! म्हावरा नासला तर तू घेशील काय रे?"

मी तिला आत बोलावलं. ती म्हणाली, "सायब, गरिबाला उगाच डांबलंय तुमी. लोक सांगतात तीन बार झालं. खोटं हाय. मी कुंपणाच्या बाहेर होते, डोक्यावर पाटी. बार एकच वाजला."

"नीट आठवतं?"

"आवो, पाटी पडली ना माजी! दुसरा नि तिसरा वाजला असता तर मी तितं उभी राह्यले असते?"

"बार व्हायच्या आधी काय ऐकलंस?"

"हसत होती पोरं. नि खटक खटक काय तरी वाजत होता, कुलूप उघडत नाय ना, तसा."

हे ऐकलं आणि माझ्या अंगातला आळस पार पळाला. हसणं, मग खटक खटक, आणि मग एकच बार. तिचा जबाब घेतला, तिला चहा पाजला आणि पाटीतला सगळा म्हावरा शिपायांनी विकत घेतला.

त्याच दुपारी मी रखवालदाराला कोठडीतून बाहेर काढलं. माझं स्वतःचं रुळलेलं पिस्तूल घेतलं, मॅगझिन काढलं, पोट उघडून बोटाने चाचपलं, जमादारालाही बघायला लावलं, आणि ते रिकामं पिस्तूल त्याच्यापुढे टेबलावर ठेवलं.

"कशा झाडल्यास तीन गोळ्या, दाखव."

त्याने ते दोन्ही हातांनी उचललं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. नळीत डोकावला. मग टेबलाखाली पाहिलं.

"काय शोधतोस रे?"

"गज कुठं हाय, साहेब?"

"कसला गज?"

"दारू ठासाला. गजाशिवाय कसा भराचा?"

जमादाराने तोंडावर रुमाल धरला. मलाही आवरेना. भाऊंच्या घरी वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं हाकायला हा त्याच बंदुकीत दारू भरायचा, गजाने ठासायचा आणि बार काढायचा. त्याच्या लेखी बंदूक म्हणजे ती. या माणसाने उभ्या आयुष्यात पिस्तूल हातात धरलेलं नव्हतं!

पण माझं हसू कोर्टात चालत नाही. तो सोंग करतोय असं सरकारी वकीलच म्हणाला असता. मला हवं होतं पिस्तुलाचंच म्हणणं. ते तीन गोळ्या एकामागोमाग झाडू शकतं की नाही, हे तपासायला हवं होतं. डीएसपी साहेबांची लेखी परवानगी काढली आणि सीलबंद मुद्देमाल घेऊन ठाणे शहरातल्या मुख्यालयात गेलो. चांदमारीवर पंचांसमोर सील फोडलं. आर्मोरर जमादार हजर होतेच. मी त्यांना बजावलं, "आधी साफ करायचं नाही. आहे तसंच चालवायचं."

मॅगझिन भरलं, बांधावर नेम धरला, चाप ओढला. बार झाला. वरचा भाग निम्मा मागे आला आणि तिथेच बसला, पुंगळी दाताखाली सुपारी अडकावी तशी अडकलेली. जोर लावून काढली. दुसरं काडतूस पुढे जाईना. चाप ओढला तर नुसतं खटक. तळहाताने वरच्या भागाला जोरात थाप मारली तेव्हा ते सरकून जागेवर बसलं, आणि मग बार झाला. पुन्हा अडलं. पुन्हा थाप. प्रत्येक गोळीला हीच रड. एकामागोमाग तीन राहू द्या, दोनही सुटेनात.

आर्मोररनी ते माझ्या हातातून घेतलं, नाकाशी नेलं आणि भुवया वर केल्या. "साहेब, ह्यात मासं तळलं का काय?"

खोबरेल! नारळाच्या तेलाचा घमघमाट. आम्ही ते पंचांसमोर पांढऱ्या कापडावर खोललं. आतल्या खाचांत तेलात कालवलेला लाल-पिवळा लगदा बसला होता. हळद आणि कुंकू. त्यात दोन-चार तांदूळ, कुंकवाने रंगलेले. आणि मॅगझिनच्या खोबणीत चिकटलेला, चुरगळलेला एक पानाचा तुकडा. मी तो चिमट्याने उचलून उजेडात धरला. आपट्याचं पान होतं.

साताऱ्याच्या त्या फटकळ माणसानेसुद्धा हात जोडले. "शस्त्रपूजा केली म्हना की! सोनं पण वाहिलंय."

आमच्या ठाण्यातही दसऱ्याला शस्त्रं पुजतात. पण आमची काडतुसं तिजोरीत असतात, कुंकू लावतात ते दस्त्याला बोट टेकवण्यापुरतं, आणि संध्याकाळी सगळं पुसून ठेवतात. भाऊंच्या घरी पिढ्यान्पिढ्या ठासणीच्या बंदुकीला खोबरेल चोपडायची रीत. त्या बंदुकीला काय, आत भाताची लोंबी गेली तरी फरक पडत नव्हता. या नाजूक पाहुण्यालाही त्यांनी तोच पाहुणचार केला होता.

मग रॉकेलने सगळं धुतलं, कोरडं केलं, पातळ तेल लावलं आणि रीतसर रुळवायला घेतलं. सुरुवातीला नवेपणामुळे मध्येच ठेचकाळलं, पण साफ करत करत चालवलं तसं सुधारलं, आणि दुपार कलताना मॅगझिनच्या मॅगझिन न अडता रिकामी करायला लागलं. म्हणजे पिस्तुलात खोट नव्हती. ते अडत होतं दसऱ्याच्या पूजेमुळे. आणि भाऊंच्या फिर्यादीप्रमाणे दसऱ्याला ते घरातच नव्हतं, दोन दिवस आधी चोरीला गेलं होतं! मला इतका आनंद झाला की आर्मोररच्या पाठीवर मी जोरात थाप मारली. ते म्हणाले, "साहेब, मी अडकलो न्हाई, मला कशाला थाप?"

दुसऱ्या दिवशी वाडीवर गेलो. भाऊ ओसरीवर होते, पुतण्या पाय उशीवर ठेवून आत पडलेला. काकींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, नेहमीसारखा चहा आणला. माउली साधी. केसमध्ये काय लिहिलंय हे तिला कुणी सांगितलेलं नसावं असा माझा अंदाज होता. मी कपबशी हातात घेतली आणि म्हणालो, "काकी, यंदा दसऱ्याची पूजा तुमच्याकडे फार छान झाली म्हणे. मला बंदोबस्तामुळे येता आलं नाही."

"अहो, झाली ना!" काकींचा चेहरा फुलला. "कोयते, पंप, मोठी बंदूक, सगळं मांडलं होतं. आणि यंदा ह्यांचं नवीन पिस्तूल! घरच्या घाण्याचं खोबरेल लावून असं चकाकवलं मी, की बघत राहावं. अक्षता वाहिल्या, सोनं वाहिलं..."

भाऊंना ठसका लागला. ते डोळ्यांनी खुणा करत होते, पण काकी रंगात आलेल्या. "ह्यांना म्हटलं, आत पण सोडा हो थोडं तेल, गंजायला नको."

"आत गेलं, काकी," मी म्हणालो. "पुरेसं गेलं."

त्या पाणी आणायला वळल्या तसे भाऊ चाचरत म्हणाले, "फौजदारसाहेब, म्हणजे कसं, नवीन वस्तूला आपल्याकडे कुंकू लावतातच. आणलं तेव्हा लावलं होतं."

"आणि आपट्याचं पान? पावसाळ्यात आणलंत तेव्हा सोनं वाटलं होतं काय?" मी खिशातला पंचनामा काढून त्यांच्यापुढे ठेवला. "भाऊ, मी तुमच्या घरी जेवलोय. म्हणून एकदाच विचारतो. त्या माणसाला तुम्ही काय सांगितलंत?"

भाऊंनी पंचनामा दूर सारला. आतून पुतण्याच ओरडला, "काका, सांगून टाका! मला झोप लागत नाही."

मग सगळं बाहेर आलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याने आणि त्याच्या मित्राने पूजेतलं पिस्तूल उचललं. भाऊंनीच काडतुसं दिली होती, "एकदा बघा चालवून" म्हणत. वाडीत जाऊन पोरांनी भरलं, चाप ओढला, तर खटक खटक. दोघं हसायला लागले: काकांनी फुसकं पिस्तूल आणलं! मॅगझिन काढून मित्राच्या हातात दिलं. आता रिकामंच आहे म्हणून पुतण्याने पिस्तुलाला थाप मारली, पायाकडे धरलं आणि गमतीने चाप ओढला. पोटातलं काडतूस तोवर जागेवर बसलं होतं.

मित्र त्याच दिवशी मुंबईला पळाला. भाऊ घाबरले. परवाना आपल्या नावावर, पिस्तूल दुसऱ्याच्या हातात दिलं, म्हणजे परवाना जाणार, खटला होणार, पुतण्याचं कॉलेज आणि किनाऱ्यावरची इज्जत दोन्ही जाणार. त्यांनी रखवालदाराला बोलावून सांगितलं, तू कबूल कर, पोलीस दोन शिव्या देतील, भातकापणीआधी मी तुला सोडवून आणतो. आधी नुसतं 'चुकून सुटलं' असं सांगायचं ठरलं होतं. पण खोटं एकदा बोललं की त्याला वर माळा लागतो, तीन गोळ्या लागतात, चोरीही लागते. ते असं फुगत गेलं.

मी ओरडलो. ओरडायला हवंच होतं. "भाऊ, तुमच्या परवान्यासाठी तुम्ही एका माणसाची दहा वर्षं घालवायला निघालात! चिकूच्या झाडाला कीड लागली तर तुम्हाला झोप येत नाही, आणि हा कोठडीत पडलाय तरी तुम्ही चहा पिताय!"

काकी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो तिथेच खाली ठेवला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "चला. आत्ता चला पालघरला."

तिघांचे नव्याने जबाब झाले. मित्रालाही मुंबईहून बोलावलं. मी कलम एकशे एकोणसत्तरखाली, आरोपीविरुद्ध पुरावा नाही असा, अहवाल पाठवला आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रखवालदाराला सोडायचा हुकूम दिला. पुढे भाऊंवर खोट्या माहितीचा आणि हत्यार कायद्याचा खटला झाला, त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला, परवाना रद्द झाला. पिस्तूल सरकारजमा. पुतण्या काही महिने लंगडला आणि मग ठणठणीत झाला. पुढे तो चांगला माणूस निघाला, एवढं सांगतो.

पण मला सांगायचंय ते सुटकेच्या दिवसाचं. रखवालदाराला कोठडीतून बाहेर आणलं. भाऊ, काकी समोरच्या बाकावर. त्याची बायको दाराशी उभी. मी त्याला म्हणालो, "जा, सुटलास. तुझ्यावर काही नाही."

तो खुश दिसला, पण चकित मुळीच नाही. भाऊंकडे पाहून म्हणाला, "आले ना? मी शिपायाला सांगत व्हतो."

मला राहवेना. "अरे, तुला शिक्षा झाली असती तर? सात-आठ वर्षं तिकडे येरवड्याला गेला असतास तर काय केलं असतंस?"

"नाय साहेब," तो म्हणाला. माझ्या अडाणीपणाची त्याला जरा कीव आली असावी. "भाऊंनी सांगितला व्हता ना सोडवीन म्हणून. आले असते."

काकींनी पदर डोळ्यांना लावला. भाऊ उठले, बाहेर व्हरांड्यात गेले आणि खांबाला धरून उभे राहिले. मी गेलो तसे हलक्या आवाजात म्हणाले, "फौजदारसाहेब, खरं सांगा. मी आलो असतो का हो? शिक्षा झाल्यावर, सगळं कबूल करायला?"

मी म्हणालो, "ते मला कसं माहीत असणार, भाऊ?"

"मलाही माहीत नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं ह्याच्या जिवावर वाडी सोडून गावाला जातो मी. आणि मला माहीत नाही."

त्यानंतर भाऊ खाली उतरले आणि त्या दोघांना आपल्या बैलगाडीत बसा म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही, लाज वाटत होती. शेवटी काकीच गाडीतून उतरून चालायला लागल्या तेव्हा ती बाई मुकाट्याने गाडीत चढली.

शस्त्र भरवशाचं आहे की नाही हे कळायला चांदमारी आहे, पेटीभर काडतुसं आहेत, ठाण्याचा फटकळ जमादार आहे. माणसाला ती सोय नाही. त्या केसनंतर मी एक गोष्ट कधीच सोडली नाही. कोठडीत कुणी फार चटकन "मीच केला" म्हणून कबूल झाला की मी त्याला गुन्ह्याचं विचारतच नसे. त्याला जवळ बसवायचो, विडी द्यायचो आणि विचारायचो: बाबा रे, तुला सोडवायला कोण येणार आहे? आणि तो ज्याचं नाव घ्यायचा, त्याच्या घरी मी आधी जायचो.